केरसुणीला हळदकुंकू, शिंदीला पोकलेन

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी लालबागच्या बाजारात फुटपाथवर केरसुण्यांचे ढीग लागलेले असतात. गेल्या दिवाळीत अशाच एका ढिगापुढे मी उभा होतो. ढिगामागे साठीच्या घरातली एक बाई पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून केरसुणीची मूठ आवळत बसली होती. तिच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. शिंदीचं पान टोकाला सुईसारखं असतं, ते हाताला जन्मभर टोचत राहतं. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, अंगावर नवा कुर्ता, हातात मिठाईचे चार डबे. केरसुणी पन्नासची, ते चाळीसला मागत होते. शेवटी बाईनेच हार मानली. गृहस्थांनी केरसुणी कपाळाला लावली, आणि दहा रुपये वाचवून ते लक्ष्मी घेऊन घरी गेले.

मी विचारलं, "मावशी, ही शिंदी कुठली?"

"इकतची," ती म्हणाली. "आमच्या वड्याला व्हती की दादा, वड्याच्या दोन्ही अंगाला. वडा रुंद केला तवा पोकलेननं समदी उपाटली. आता पाला इकत आणायचा, बांधायचा, आन् हितं येऊन बसायचं."

त्या रात्री परळ-लालबागच्या किती घरांत त्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं गेलं असेल! कलशावर नारळ, विड्याच्या पानावर सुपारी, बाजूला शिंदीची केरसुणी. तिन्ही झाडं एकाच कुळातली, ताडाच्या कुळातली. या कुळावाचून आपली एक पूजा पुरी होत नाही. आणि याच कुळातली जी झाडं कुणी लावत नाही, जी ओढ्याकाठी, बांधावर, डोंगराच्या उतारावर आपली आपण उगवतात, त्या शिंदीचा, ताडाचा, भेरली माडाचा वंश आपण खुडत आणला आहे. हा आरोप मी आपल्या सगळ्या मराठी समाजावर करतो आहे, चाळीतल्या आणि टॉवरमधल्याही, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात माझी जागा पहिली आहे. का, ते पुढे सांगतो.

याच्या मुळाशी तिरस्कार आहे. आपल्याला वस्तू हवी असते, ती करणारा माणूस नको असतो. केरसुणी लक्ष्मी झाली; ती बांधणारा मातंग समाज मात्र शतकानुशतकं गावकुसाबाहेर राहिला. तिला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि तिच्या बांधणाऱ्याची सावली आपल्या आजोबांना चालत नव्हती. १९२४ साली याच परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी केली. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आजही आपण त्या हॉलपासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

ताडमाडांवर चढणाऱ्याचं काय झालं? मुंबई ही मुळात ताडामाडांची बेटं. ताडदेवच्या नावात ताड आहे. माझगावच्या टेकडीला भंडारवाडा म्हणतात. गिरगावच्या वाड्या आज नावापुरत्या उरल्या आहेत, पण एकेकाळी तिथे खरोखर नारळीची बनं होती. त्या झाडांवर सकाळ-संध्याकाळ चढणारा भंडारी एकेक झाड नातेवाइकासारखं ओळखे. कुठल्या ताडाची पोय आधी फुटते, कुठला जास्त रस देतो, कुठला नर, कुठली मादी, हे त्याला झाडाकडे नुसतं पाहून सांगता येई. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी ताडी काढण्याचा हा धंदा कराच्या आणि मक्त्याच्या कचाट्यात धरला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलंसुरलं मोडीत काढलं. दारूने गिरणगावात किती संसार बुडाले ते मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. मी दारूची वकिली करणार नाही. पण दारू काही गेली नाही. ती कारखान्यात गेली, बाटलीत बसली, परवाना घेऊन प्रतिष्ठित झाली. झाडावर चढणारा तेवढा गुन्हेगार ठरला आणि 'ताडी' हा शब्द शिवीसारखा वापरात आला. त्याची पोरं शिकली, नोकरीला लागली, त्याचा मला आनंदच आहे. मात्र त्याचं झाडांचं ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही, कुणी विचारलंही नाही. ज्ञान म्हणजे पोथीतलं; कोयत्याच्या धारेवरच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणालोच नाही.

आता कुणी म्हणेल, ताड अजून आहेत की. वसईकडे, पालघरकडे गाडीतून जाताना दिसतात. मे महिन्यात दादर स्टेशनबाहेर ताडगोळ्यांच्या पाट्या लागतात. मग वंश खुडला कसा?

इथेच आपली फसगत होते, कारण आपण डोकी मोजतो, वंश मोजत नाही. ताडात आणि शिंदीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. निसर्गात साधारण निम्मे नर असतात. फळ फक्त मादीला धरतं. बी रुजल्यावर पहिला मोहोर यायला ताडाला बारा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर नर की मादी हे दिसून कळत नाही. म्हणजे इतकी वर्षं वाढवलेलं झाड नर निघालं, तर ते फुलतं, पण फळत नाही. मग घरमालक म्हणतो, वांझ आहे, पाडा. सोसायटीच्या सभेत ठराव येतो: फळ नाही, फूल नाही, उगाच झावळी पडून गाडीची काच फुटते. मी असे ठराव ऐकले आहेत. ज्याला वांझ म्हणून पाडलं तो त्या परिसरातल्या सगळ्या ताडगोळ्यांचा बाप असू शकतो, हे सभेत कुणी बोललेलं मात्र मी ऐकलं नाही.

समजा, एका गावात वीस मादी ताड उरले आणि नर एकच. डोळ्यांना एकवीस झाडांचं बन दिसेल. वंशशास्त्राचा हिशेब असा की या बनाची खरी ताकद जेमतेम चार झाडांइतकी. कारण पुढची सगळी रोपं एकाच बापाची, एकमेकांची सख्खी-सावत्र भावंडं. त्यांची सोयरीक पुन्हा आपसातच होणार. सख्ख्या-चुलत भावंडांत लग्न लावायची कल्पनाही आपल्याला सहन होत नाही. मग झाडांवर ती वेळ आणताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही? प्रत्येक झाडाच्या पेशीत त्याच्या कुळाचं संचित असतं, त्यालाच शास्त्र जनुकं म्हणतं. एखाद्यात दुष्काळ सोसायची शक्ती, एखाद्यात किडीला दाद न देण्याची, एखाद्यात खाऱ्या वाऱ्यात तग धरण्याची. हे संचित गावोगाव फिरतं राहिलं तरच टिकतं. नराचा पराग वाऱ्यावरून आणि किड्यांच्या अंगावरून जातो. शिंदीची पिकली फळं कोल्हा, उदमांजर, मैना खातात आणि बी ओढ्यापलीकडे टाकतात. ही झाडांची सोयरीक, हाच त्यांचा रोटीबेटी व्यवहार. ओढ्याच्या काठची झुडपं गेली की कोल्हा येत नाही. दोन बनांच्या मध्ये लेआउट पडला की पराग पोचत नाही. रक्त मिसळू नये म्हणून कुंपणं घालण्याची सवय या समाजाला हजार वर्षांची आहे, आणि त्या कुंपणांनी माणसांचं काय केलं ते आपण भोगलं आहे. आता तीच कुंपणं आपण झाडांच्या कुळांभोवती घातली.

ताडगोळ्याचंच घ्या. तो कोवळा खायचा, म्हणजे बी व्हायच्या आधी. गरीब आदिवासी बाईच्या टोपलीतून ताडगोळा घेऊन खाणं हा गुन्हा नाही, तिचं घर त्यावर चालतं. पण साऱ्या तालुक्यातल्या सगळ्या मादी झाडांचे सगळे घोस कोवळेच उतरत गेले, तर पिकून खाली पडायला काय उरतं? जुना राखणदार एखादा घोस पिकायला सोडून देई. आणि ताडाचं बी रुजतं तेव्हा कोंब आधी हातभर खाली जमिनीत जातो, मग वर येतो. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सहसा जगत नाही. त्याला आहे तिथे मोकळी माती लागते. मोकळ्या मातीवर आपण पेव्हर ब्लॉक बसवले.

त्याच्या जागी आपण काय लावलं ते पाहायला फार लांब जायला नको. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांच्या जमिनींवर आज जे टॉवर उभे आहेत त्यांच्या दारांवरून एकदा चाला. दुतर्फा क्यूबाकडचे रॉयल पाम, एका मापाचे. कुंडीत मादागास्करचा अरेका पाम. फाटकापाशी फुगीर बुंध्याचा बॉटल पाम. काही ठिकाणी वाढलेली शिंदी मुळासकट उपटून ट्रकवरून आणलेली, तिला 'सिल्व्हर डेट पाम' असं नाव दिलेलं. जिला गावात कुणी विचारत नव्हतं ती इंग्रजी नाव लागताच लाखमोलाची झाली, आणि तिच्या गावच्या ओढ्यात तिच्या जागी खड्डा राहिला. विकासकाने झाडं लावल्याचा आकडा कागदावर बसला, आपण टाळ्या वाजवल्या.

त्या बॉटल पामची कथा दादर-परळच्या प्रत्येक सोसायटीने ऐकायला हवी. तो मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. माणसांनी तिथे सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी कोवळी रोपं खाऊन टाकली आणि रानात मोठी झाडं अगदी मोजकी उरली. जगभरच्या बागांत तो हजारोंनी लावलेला आहे, पण त्याच्या कुळाची शिदोरी तेवढ्या मूठभर झाडांची. त्याचाच एक भाऊबंद मॉरिशसमधल्या क्यूरपीप गावच्या वनस्पती उद्यानात उभा आहे. साऱ्या पृथ्वीवर त्या जातीचं तेवढं एकच झाड. त्याला नरफुलं येतात आणि मादीफुलंही येतात, पण एकाच वेळी नाही. म्हणून ते फुलतं आणि त्याला रुजणारं बी धरत नाही. लोकांनी त्याच्याभोवती जाळी घातली आहे. कितीही माया केली तरी त्याला जोडीदार आता कुठून आणणार? शिंदीवर अशी वेळ आलेली नाही, अजून ती पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणूनच आज बोलायचं, उद्या बोलून उपयोग नाही.

एकाच वाणाची रांग लावली की त्याचं काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. मोरोक्कोत खजुरीच्या उत्तम वाणांची खुंटवं लावून बागाच्या बागा वाढवल्या होत्या. बायूद नावाचा बुरशीचा रोग आला आणि शंभर वर्षांत एक कोटीच्या आसपास झाडं गेली. जमैकात जुन्या उंच माडांची बनं पिवळी पडून लाखोंनी मेली. तिथे पुन्हा बागा उभ्या राहिल्या त्या दुसऱ्या कुळाच्या, रोग सोसणाऱ्या ठेंगण्या माडामुळे. तो ठेंगणा माड कुणीतरी कुठेतरी राखून ठेवला होता, म्हणून तर मिळाला. आपल्याकडे उद्या शिंदीवर काही आलं, तर तिचं दुसरं कूळ आपण कुठून आणू?

हे सारं शिकायला परदेशी जायची गरजही नव्हती. गिरगावला लागून, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात एथेलबर्ट ब्लॅटर नावाचे स्विस जेझुइट पाद्री शिकवत होते. त्यांनी हिंदुस्थान आणि सिलोनच्या ताडकुळावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९२६ साली निघाला. त्यांच्या नावाचा वनस्पतीसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या बांधावरच्या शिंदीला ग्रंथात मानाचं पान दिलं. आपण मराठी माणसांनी या कुळावर आपल्या भाषेत काय लिहिलं? शाळेच्या पुस्तकात 'नारळ हा कल्पवृक्ष' एवढा निबंध, संपलं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

माझं गाव दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या खोऱ्यात. वडील गिरणीत लागले तेव्हापासून आम्ही परळचे. गावाला फक्त गणपतीला जायचं. तिथल्या डोंगरात भेरली माड आहे, आमच्याकडे त्याला भेडलो माड म्हणतात. माशाच्या शेपटीसारखी पानं, आणि घोस असे लोंबतात की कुणी न्हाऊन केस मोकळे सोडले आहेत असं वाटावं. हे झाड विलक्षण आहे. वर्षानुवर्षं ते नुसतं उंच होत राहतं. मग शेंड्याजवळ पहिली पोय फुटते, पुढची तिच्या खाली, त्यापुढची आणखी खाली, अशा त्या उतरत येतात. शेवटचा घोस पिकला की झाड मरतं. एकाच घोसात नरफुलं आधी उमलून जातात, मादीफुलं मागून येतात, म्हणून फळ नीट धरायला दुसरं फुललेलं झाड जवळ लागतं आणि मधमाश्या लागतात. फळाचा गर हाताला लागला तर खाज सुटते. पण उदमांजर ते खातं, धनेश खातो, आणि बी दूर नेऊन टाकतो. हत्तीला तर हे झाड फार प्रिय. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आमच्या भागात उतरले ते अशा रानातूनच वाट काढत.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या सामायिक जमिनीचे कागद परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आले. डोंगराचा उतार, आठ एकर. घेणाऱ्याला रबर लावायचं होतं. सातबारावर अठरा नावं, त्यांतली अकरा मुंबईत. खाटेवर कागद पसरून, चहा घेत, आम्ही एकामागून एक सह्या केल्या. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांतून मुलीच्या कॉलेजची फी भरली, म्हणून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. त्या उतारावर काय उभं आहे, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मीही नाही. असे कागद लालबाग-परळच्या किती खोल्यांत आले असतील आणि किती चाकरमान्यांनी चष्मा लावून सह्या केल्या असतील, ते ज्याचं त्याने आठवावं. पुढे २०१३ साली उच्च न्यायालयाला दोडामार्ग तालुक्यात झाडं तोडायला बंदी घालावी लागली. जे आपण होऊन थांबवायला हवं होतं ते कोर्टाने सांगावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, रानात भेडलो माड होतो तवसर हत्ती थयच खाय. आता थय काय रवला नाय, म्हणान आमच्या केळीत येता." मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

शेजारच्या रानात जे भेडले उरले आहेत त्यांच्या झावळ्यांना शहरातल्या मंडपवाल्यांची मागणी आहे. लग्नाच्या स्टेजमागे तीन तास ती पानं हिरवी दिसतात. झावळ्या छाटलेलं झाड पोय टाकायला कमी पडतं, आणि हे झाड आयुष्यात एकदाच फळणारं. आणि फळलं तरी बी दूर नेणारा पक्षी हवा. ब्राझीलच्या किनारी जंगलात संशोधकांनी जुसारा नावाच्या तिथल्या पामची बावीस ठिकाणं तपासली, २०१३ साली ते काम प्रसिद्ध झालं. जिथे मोठ्या चोचीचे टुकान पक्षी नाहीसे झाले होते तिथे त्या झाडाचं बीच लहान झालं होतं, कारण मोठं बी गिळणारं कुणी उरलं नव्हतं. लहान बी कोरड्या मातीत लवकर सुकून जातं. पक्षी गेला आणि झाडाची जात आतून बदलली, तीही माणसाच्या दोन-चार पिढ्यांत. आपल्याकडचा धनेश हा त्याच कामाचा पक्षी. पोकळ ढोलीचे जुने वृक्ष गेले की त्याला घरटं नाही, आणि तो गेला की भेडल्याच्या बियांना पाय नाहीत.

१८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून आपण उत्सवाला लोकजागृतीचं साधन म्हणतो. मग माझी मंडळांना हात जोडून विनंती आहे: ज्या गावांतून आपले सभासद आले, त्या गावांतल्या रानझाडाचं एकही पान या वर्षी मंडपाला लावू नका. ग्रामस्थ मंडळांनी स्नेहसंमेलनात सत्कार कमी करावेत आणि सामायिक सातबारावरच्या पडीक उताराचं काय करायचं यावर बोलावं. विकायचा नाही, एवढा ठराव केला तरी पुष्कळ. सोसायट्यांनी न फळणारा ताड पाडण्याआधी त्याला एकदा फुलताना पाहावं. महापालिकेने लावलेल्या झाडांचा आकडा सांगताना ती कुठल्या रानाच्या बियांची हेही सांगावं, आणि आपण नागरिकांनी ते विचारावं. केरसुणीचे पन्नास रुपये पन्नासच द्यावेत.

त्या दिवशी लालबागला मी दोन केरसुण्या घेतल्या आणि तिथेच थोडा वेळ बसलो. मावशीने सांगितलं, त्यांच्या ओढ्यावर पुलाच्या खालच्या अंगाला तीन शिंदी उरल्या आहेत. दोन फळतात, एक नुसती फुलते. दीर म्हणाला, ही फळत नाही तर तोडून तिचा पाला घेऊ.

"मी तोडू दिली न्हाई," ती म्हणाली. "सासू सांगायची, ती न्हाई तर ह्या दोघी बी फळायच्या न्हाईत."

मला बी हवं आहे, म्हटलं. ती हसली नाही. "पावसाच्या तोंडाला या. पर फळं पिकली की पाखरं दोन दिसांत संपवत्यात. उशीर करू नका."